तांबी बसवताना, सांभाळताना आणि काढताना: या चुका टाळा

‘मला तांबी सोसली नाही’ हे वाक्य बायकांच्या बोलण्यात फार सहज येतं. सोसली नाही म्हणजे नेमकं काय झालं, असं विचारत गेलं की दर वेळी वेगळंच काहीतरी निघतं. एकीच्या अंगावरून जास्त गेलं म्हणून पहिल्याच पाळीत काढून टाकली. दुसरीची खाली सरकली होती, ते कुणी तपासलंच नाही. तिसरीला बाळंतपणातच बसवलेली होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं आहे. त्यासाठी दिवस राहू नयेत म्हणून गर्भपिशवीत बसवायची एवढीशी ती वस्तू कशी घडवलेली आहे ते आधी पाहू, कारण बहुतेक चुका तिच्या कुठल्या ना कुठल्या भागाशी येऊन थांबतात.

आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत मुख्यतः दोन प्रकार मिळतात: कॉपर टी ३८०ए आणि कॉपर ३७५. पहिली १० वर्षं चालते, दुसरी ५ वर्षं. नावांतले ३८० आणि ३७५ हे आकडे तांब्याच्या पृष्ठभागाचे आहेत, चौरस मिलिमीटरमध्ये. ३८०ए ही प्लास्टिकची इंग्रजी ‘टी’ असते, उंची साधारण ३६ मिमी आणि रुंदी ३२ मिमी. उभ्या दांडीवर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली, दोन्ही आडव्या हातांवर तांब्याच्या छोट्या नळ्या, दांडीच्या टोकाला एक गोळा आणि त्याला बांधलेले दोन दोरे. प्लास्टिकमध्ये बेरियम सल्फेट मिसळलेलं असतं, त्यामुळे ती एक्स-रेमध्ये दिसते. हे बेरियम लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. ३७५चे हात घोड्याच्या नालेसारखे खाली वळलेले असतात.

तांबं शुक्रजंतूंना निकामी करतं, म्हणजे मुळात गर्भधारणाच होऊ देत नाही. ‘तांबी दर महिन्याला गर्भ पाडते’ हा समज चुकीचा आहे.

पाकिटावरची तारीख

पाकिटावरची तारीख ही निर्जंतुकपणाची मुदत असते. त्या तारखेच्या आदल्या दिवशी बसवलेली ३८०ए सुद्धा पुढे पूर्ण १० वर्षं काम करते. तरीही ‘तांबीवर दोन वर्षांनंतरची तारीख होती, म्हणून आता काढायला आले’ असं सांगणाऱ्या बायका भेटतात. त्यांना काढण्याची तारीख वेगळी लिहून दिलेलीच नसते.

दुसरी गफलत रंगाची. बंद पाकिटातही तांबं कधीकधी काळवंडतं. पाकीट कुठे फाटलेलं नसेल आणि मुदत संपलेली नसेल, तर ती तांबी बिनदिक्कत वापरता येते. याउलट वरून चकचकीत दिसली पण पाकिटाला टाचणीएवढं भोक असलं, तर ती टाकून द्यायची.

‘पाळी आल्यावर या’

हे वाक्य अजूनही सर्रास ऐकू येतं, आणि त्या मधल्या महिन्यातच कित्येकींना दिवस राहतात. पाळीच्या पहिल्या दिवसापासून १२ दिवसांच्या आत बसवणं सोयीचं खरं, पण दिवस गेलेले नाहीत याची खात्री असेल तर तांबी केव्हाही बसवता येते. असुरक्षित संबंधानंतर ५ दिवसांच्या आत बसवलेली तांब्याची तांबी तातडीचं गर्भनिरोधक म्हणूनही चालते, आणि गोळीपेक्षा जास्त खात्रीची ठरते.

थांबायचं ते जंतुसंसर्ग असेल तर. दुर्गंधी येणारा पिवळसर स्राव, ओटीपोटात दुखणं, ताप ही लक्षणं असतील तर आधी उपचार, मग तांबी. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत थोडं पांढरं जाणं म्हणजे संसर्ग नव्हे.

न मोजता बसवणं

बसवणाऱ्याच्या हातून होणाऱ्या चुकांत मला सगळ्यात महागाची वाटते ती हीच. गर्भपिशवी पुढे झुकलेली आहे की मागे वळलेली, हे आतून हाताने तपासल्याशिवाय कळत नाही. मागे वळलेली पिशवी पुढची समजून सळी घातली तर ती सरळ भिंतीवर जाऊन टेकते. पिशवीला छिद्र पडण्याचा धोका तसा कमी, दर हजारी साधारण एक ते दोन. पण बाळाला अंगावर पाजणाऱ्या बाईत तो वाढतो, कारण त्या काळात पिशवी मऊ असते. आणि तांबी पुष्कळदा बसवली जाते ती नेमकी याच बायकांना.

म्हणून क्रम असा: आधी हाताने तपासणी, मग व्हल्सेलम नावाच्या चिमट्याने पिशवीचं तोंड धरून हलकेच बाहेरच्या दिशेने ताण, त्यामुळे वाकण सरळ होतं, आणि मग साउंडने, म्हणजे मोजायच्या सळीने, पिशवीची खोली मोजायची. खोली ६ सेंमीपेक्षा कमी भरली तर ३८०ए बसवू नये. साउंड अडथळ्याविना आतच जात राहिला तर तिथेच थांबावं, जोर लावू नये, आणि छिद्र पडलंय असं धरूनच पुढचा विचार करावा.

मोजलेली खोली कागदावर राहून उपयोग नाही. तांबी ज्या नळीतून आत नेतात, तिच्यावरची निळी चकती तेवढ्याच अंतरावर सरकवायची, आणि चकतीची लांबट बाजू तांबीच्या हातांच्या पातळीत आडवी ठेवायची. हात पिशवीत आडवे उघडणार आहेत की तिरके, हे बाहेरून फक्त चकतीवरूनच कळतं. घाईत हे निसटतं, आणि मग तिरकी बसलेली तांबी बाईला महिनोन्‌महिने कळा देत राहते.

३८०एचे हात पाकिटाच्या आतच, न शिवता, दुमडून नळीत घालायचे असतात. ते नळीत ५ मिनिटांपेक्षा जास्त राहू द्यायचे नाहीत, कारण नंतर ते नीट उघडत नाहीत. सकाळी गर्दी व्हायच्या आधी चार-पाच तांब्या ‘भरून ठेवणं’ म्हणूनच चूक.

आता हात उघडतानाची गोष्ट. नळी वरपर्यंत टेकली की नळीच्या आतली पांढरी दांडी स्थिर धरायची आणि नळी मागे ओढायची. पुष्कळदा उलट होतं: नळी स्थिर राहते आणि दांडी आत ढकलली जाते. इंजेक्शनची सवय झालेला हात नकळत तसंच करतो. त्यात तांबी भिंतीत रुतू शकते. हात उघडल्यावर नळी पुन्हा अलगद वर सरकवून तांबी अगदी वरच्या टोकाला टेकली आहे ना हे पाहायचं. मग नळी तशीच धरून आधी दांडी बाहेर, त्यानंतर नळी. दोन्ही एकदम ओढल्या की मध्ये दोरा अडकतो आणि नुकती बसवलेली तांबी खाली येते. ३७५ला हे दुमडणं आणि दांडी काहीच नसतं. ती चकतीपर्यंत आत न्यायची आणि नळी काढायची. दोन्ही एकाच पद्धतीने बसवायला गेलं की घोटाळा होतो.

या सगळ्यात बाईला चक्कर येऊ शकते, घाम फुटतो, नाडी मंदावते. बसवून झाल्याबरोबर तिला टेबलावरून उठवू नये.

दोरा आखूड, दोरा लांब

दोरा पिशवीच्या तोंडाबाहेर ३ ते ४ सेंमी ठेवून कापतात. ‘नवऱ्याला टोचतो’ अशी तक्रार आली की पुष्कळ ठिकाणी तो आणखी आखूड केला जातो आणि टोचणं उलट वाढतं. आखूड दोरा ताठ उभा राहतो, लांब दोरा मऊ पडून तोंडाच्या मागे वळतो. थोडे दिवस थांबलं तर बहुतेक वेळा तक्रार आपोआप जाते. अगदी तोंडालगत कापलेला दोरा वर ओढला गेला, तर तांबी काढताना डॉक्टरांना शोधाशोध करावी लागते ती वेगळीच.

दोऱ्यामुळे जंतू आत जातात, ही भीती निराधार नव्हती. अमेरिकेत १९७१ ते १९७४ या काळात विकल्या गेलेल्या डॅल्कन शील्ड या गर्भपिशवीत बसवायच्या साधनाचा दोरा अनेक बारीक तंतूंचा होता आणि त्यांच्यामधून जंतू वर चढत. आजच्या तांबीचा दोरा एकाच अखंड तंतूचा असतो. संसर्गाचा वाढलेला धोका मुख्यतः बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत असतो, तोही बसवताना स्वच्छता पाळली नाही किंवा आधीचा संसर्ग तसाच राहिला तर.

दोरा सापडेना

पाळी संपल्यावर हात स्वच्छ धुऊन, उकिडवं बसून बोटाने दोरा चाचपता येतो. तो लागला नाही तर लगेच ‘पडून गेली असेल’ असं समजून गप्प बसू नका, आणि ‘वर चढून छातीत गेली’ म्हणून रडतही बसू नका. पिशवीतून छातीकडे जायला रस्ताच नाही. डॉक्टरांकडे जाईपर्यंत निरोध वापरा.

तपासायचा क्रम ठरलेला आहे आणि तो चुकला की गोंधळ होतो. सर्वात आधी लघवीची गर्भ तपासणी. दिवस राहिले असतील आणि दोरा दिसत असेल, तर तांबी लवकरात लवकर काढलेली बरी. शिवाय गर्भ पिशवीऐवजी गर्भनलिकेत तर नाही ना, हे सोनोग्राफीत पाहावंच लागतं. दिवस नसतील तर तोंडाच्या आतल्या भागात दोरा गुंडाळून बसलाय का ते पाहायचं, तो बहुधा तिथेच सापडतो. नाही सापडला तर सोनोग्राफी.

खरी चूक होते ती यापुढे. सोनोग्राफीत पिशवी रिकामी दिसली की ‘पडली असणार’ असं म्हणून दुसरी तांबी बसवून मोकळं होतात. तांबी पडताना बाईला दिसली नसेल, तर पोटाचा एक्स-रे काढल्याशिवाय ती पडली असं म्हणता येत नाही. पोटात, आतड्याजवळ गेलेली तांबी सोनोग्राफीत दिसेलच असं नाही. एक्स-रेमध्ये मात्र बेरियममुळे ती स्पष्ट दिसते. तिथे सापडली तर दुर्बिणीने काढतात, कारण तांब्याभोवती आतडी चिकटू लागतात.

अर्धवट बाहेर आलेली तांबी बोटाने आत ढकलणं हा आणखी एक उद्योग. दोरा अचानक लांब लागला किंवा टणक प्लास्टिक बोटाला लागलं, तर ती काढून नवीनच बसवावी लागते.

अंगावरून जास्त जातंय

पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाते, दुखतं, मधेमधे डागही पडतात. हे आधी सांगितलेलं असेल तर बाई तयारीत असते. नसेल, तर ती पहिल्याच महिन्यात तांबी काढायला येते, आणि येताना शेजारच्या दोघींना घाबरवून येते. १९६५मध्ये सरकारी कार्यक्रमातून देशभर लिप्स लूप हे गर्भपिशवीत बसवायचं जुनं साधन आलं, तेव्हा हेच घडलं. शिबिरं लावून लूप बसवले, पण नंतर रक्तस्रावाची विचारपूस करायला पुरेशी माणसं नव्हती. लूपची जी बदनामी झाली, तिचा वारसा तांबीकडे आला.

पाळीच्या दिवसांत इबुप्रोफेनसारखी गोळी जेवणानंतर घेतली तर दुखणं आणि रक्तस्राव दोन्ही कमी होतात. जास्तच असेल तर डॉक्टर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देतात. हिमोग्लोबिन मात्र बसवण्याआधीच तपासायला हवं. मुळातच पाळी जड जाणाऱ्या, रक्त कमी असलेल्या बाईला तांब्याची तांबी देऊन वर लोहाच्या गोळ्या लिहून देणं मला पटत नाही. तिच्यासाठी ५२ मिग्रॅ लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक असलेलं, पिशवीतच बसवायचं साधन जास्त योग्य, कारण त्याने पाळी कमी होते. त्याने पाळी अगदी बंद झाली तरी ‘घाण रक्त आत साठतंय’ असं काही होत नाही. अस्तरच पातळ राहतं, त्यामुळे बाहेर यायला फारसं काही नसतं.

तासातासाला पॅड भिजणं, ताप आणि ओटीपोटात दुखणं, पाळी चुकणं, एका बाजूला तीव्र कळ: यातलं काहीही झालं तर मात्र थांबू नका.

बाळंतपणात बसवलेली

वार पडल्यानंतर १० मिनिटांत, किंवा ४८ तासांच्या आत, किंवा सिझरमध्ये पिशवी शिवण्यापूर्वी तांबी बसवता येते. ४८ तास उलटून गेले तर मग सहा आठवडे थांबायचं. मोठ्या झालेल्या पिशवीत नेहमीची नळी पुरत नाही, ‘केली फोर्सेप्स’ नावाच्या लांब चिमट्याने तांबी वरच्या टोकापर्यंत न्यावी लागते. ती खालीच सोडली तर पडते. अशा तांब्या पडण्याचं प्रमाण एरवीपेक्षा जास्त असतं, म्हणून सहा आठवड्यांनी दाखवणं चुकवू नये. दोराही तोवर हळूहळू खाली उतरतो. आधी लागला नाही म्हणून घाबरायचं कारण नाही.

संमती न विचारता बसवणं ही मात्र तांत्रिक चूक नव्हे, अन्याय आहे. कळा सोसणाऱ्या बाईचा अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे. हे बोलणं सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीतच व्हायला हवं. घरी सोडताना कार्डावर प्रकार, बसवल्याची तारीख आणि काढण्याचं साल लिहून घ्या. मूल होत नाही म्हणून वर्षानुवर्षं उपचार घेणाऱ्या बाईच्या सोनोग्राफीत विसरलेली तांबी निघाल्याची उदाहरणं स्त्रीरोगतज्ज्ञांना माहीत असतात.

काढताना

मुदत संपायची वाट पाहावी लागत नाही, तुम्ही म्हणाल तेव्हा काढता येते. तांबी निघाल्याबरोबर गर्भ राहण्याची शक्यता परत येते. मूल नको असेल, तर दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत काढताना जपा. शुक्रजंतू ५ दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, म्हणजे आधीच्या संबंधातूनही दिवस राहू शकतात. पाळी चालू असताना काढा, नाहीतर आधीचा आठवडाभर निरोध वापरा. त्याच बैठकीत नवीन तांबीही बसवता येते, मध्ये ‘पिशवीला विश्रांती’ द्यायची गरज नसते.

घरी दोरा ओढून काढायचा प्रयत्न करू नका. दवाखान्यात काढल्यावर ती ट्रेमध्ये दाखवायला सांगा. दोन्ही हात आणि खालचा गोळा शाबूत आहे का ते बघा. क्वचित एखादा हात तुटून आत राहतो आणि त्याच वेळी लक्षात आला तर पुढची तपासणी तिथल्या तिथे होते.