लावणीपुरत्या कोंबड्या कोंडल्यात? मग खायला काय घालायचं

आमच्याकडे कोकणात जून लागला की कोंबड्या राबात पेरलेल्या भातावर तुटून पडतात, मग शेजाऱ्यांशी भांडण नको म्हणून लावणी उरकेपर्यंत सगळ्या खुराड्यात. पहिल्या वर्षी मी नुसती कणी टाकत गेले, बायांच्या अंगावर चरबी चढली आणि अंडी एवढी पातळ कवचाची की उचलताना बोट आत जायचं, वर एकमेकींच्या शेपट्या उपटायला लागल्या ते वेगळंच.

मोकळी कोंबडी किडे, पाला, खडे स्वतःच वेचून खाते ना, कोंडल्यावर तेच बंद होतं. त्यामुळे दाणा वाढवू नका, जे बंद झालं ते द्या.

दहा गावरान कोंबड्यांना दिवसाला साधारण 1 किलो धरा. माझं माप असं: मक्याची भरड 500 ग्रॅम, कोंडा 200, शेंगदाण्याची पेंड 150, कणी 100 आणि सुकट कुटून 50. सुकट बिनमिठाची हवी हां, खारवलेली मासळी अजिबात नको. एवढ्यात प्रोटीन 17 टक्क्यांच्या आसपास जातं, अंड्यावरच्या कोंबडीला बास होतं. एवढं कालवायचा कंटाळा असेल तर सरळ लेयरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य आणा, त्यात काय कमीपणा नाही.

पण पेंड आणि मका आठ-दहा दिवसांपुरताच आणायचा. पावसात बुरशी धरते आणि ते विष असतं, नंतर उन्हात वाळवलं, भाजलं तरी जात नाही. कुबट वास आला की फेकायचं, जीव वर-खाली झाला तरी.

कवचासाठी तिसऱ्यांचे, म्हणजे आपण खातो त्या शिंपल्यातल्या मासळीचे शिंपले. कालवण झालं की धुवून चुलीजवळ कडकडीत वाळवते आणि पाट्यावर तांदळाएवढे चुरते, पीठ नाही करत. खाद्यात मिसळू नका, वेगळ्या करवंटीत ठेवा, जिला लागतंय ती बरोब्बर टिपते आणि कोंबडा ढुंकूनही बघत नाही. दुसऱ्या करवंटीत वहाळातली जाड वाळू, कारण दात नसल्यामुळे दळायचं काम पोटातल्या खड्यांवरच.

पाला जमिनीवर टाकला की तुडवून चिखल करतात. शेवग्याच्या फांद्या नाहीतर माठाची जुडी सुतळीने त्यांच्या मानेच्या जरा वर टांगा, उड्या मारून खातात, अर्धा दिवस त्यातच जातो आणि शेपट्या वाचतात. बलकाचा रंगही परत येतो.

पाणी खाद्याच्या दुप्पट तरी लागतं, भांडं विटेवर ठेवा म्हणजे खुराड्यात खाली पसरलेलं भाताचं तूस भिजत नाही, भिजलं की नाकात झोंबणारा वास सुटतो. आणि संध्याकाळी रोजच्या मापातलाच मूठभर मका न भरडता बाजूला ठेवून अख्खाच कोरड्या तुसात फेकायचा, अंधार पडेपर्यंत उकरत बसतात.