कॉलेजच्या रॉक गाण्याचा व्हिडिओ शूट करताय? आधी प्लेबॅकचं बघा

कॅमेरा कुठला ह्यावर भांडत बसू नका, मोबाईल पण चालतो, पण प्लेबॅकला, म्हणजे शूटच्या वेळी रेकॉर्ड केलेलं गाणं वाजवायला, मोठा स्पीकर मात्र न्याच. समुद्राच्या वाऱ्यात मोबाईलचा आवाज ड्रमरपर्यंत पोचतच नाही, मग तो अंदाजाने वाजवतो आणि एडिटला बसल्यावर काठी एकीकडे आणि बीट दुसरीकडे. आणि ड्रमरला खरंच जोरात मारायला सांगा, हवेत हात फिरवलेले लगेच कळतात, झांजांवर काळी टेप लावली की आवाज कमी होतो आणि कॅमेऱ्यात फारसं दिसतही नाही.

स्लो मोशनमध्ये ओठ गाण्याशी जुळवायचेत? एडिटची टाइमलाइन सेकंदाला २५ फ्रेमची असेल तर ५० फ्रेमवर शूट करा आणि स्पीकरवर गाणं दुप्पट वेगाने लावा, गायकाने त्याच वेगात गायचं. आम्ही सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पावसाळी ढगांखाली हे केलं, केस सावकाश उडतायत आणि शब्द अचूक, अंगावर काटा आला खरंच!

हॉलमध्ये शूट असेल तर शटर स्पीड १/५० सेकंद ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची, नाहीतर ट्यूबलाइट लुकलुकते. पणजीच्या फोंताइन्हास वाड्यात लोक राहतात हो, घरासमोर ट्रायपॉड मांडायच्या आधी विचारा. गोव्यातल्या दाबोळी विमानतळाच्या आसपास ड्रोन नकोच, तिथे नौदलाचा तळ आहे. किनाऱ्यावर जाणार असाल तर भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशीच बघा, गिटारचा अँप्लिफायर वाळूत ठेवायचा तर खाली फळी घाला.