एक पुस्तक, दोन पेन्सिली

पोरगी पुण्याला नाहीतर नाशिकला शिकायला गेली की फोनवरचं बोलणं "जेवलीस का, पैसे आहेत का" एवढ्यावरच येतं. दोघींना वाचायची आवड असेल तर हे करून बघा, पुस्तकाची एकच कॉपी घ्यायची, आईने निळ्या पेन्सिलने समासात लिहायचं आणि मुलीने लाल, जे वाटेल ते, "हा माणूस मला अजिबात आवडला नाही" एवढंही चालतं. सुट्टीला आली की पुस्तक तिच्या बॅगेत, मधे कुणी गावाकडचं निघालं तर त्याच्या हाती परत. (लायब्ररीच्या पुस्तकात नाही हं, तिथे चिठ्ठ्या ठेवा.)

सुरुवात मे महिन्यात करा, भुसावळ-जळगावात पारा ४४-४५ ला गेला की दुपारी तसंही कोण बाहेर पडतंय, कूलरसमोर एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने शेंगा फोडायच्या. त्यासाठी बहिणाबाई चौधरींची गाणी बेस्ट. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, गाणी सगळी तोंडी, मुलगा सोपानदेव वगैरेंनी ती उतरवून ठेवली म्हणून त्या गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक निघालं, त्यामुळे ती कानानेच घ्यायची. वाचणार आई, मुलीचे पुणेरी उच्चार इथे चालणार नाहीत :)

आणि आयांनो, प्लीज, "मग काय शिकलीस यातून?" असं विचारू नका, पोरगी दुसऱ्या दिवसापासून पुस्तक लपवेल. मुलींनीही आईच्या रहस्यकथांना नाक मुरडायचं नाही. कंटाळा आला तर अर्धवट सोडायची परवानगी दोघींनाही.