देशांच्या लष्करी ताकदीची तुलना करताय? या चुका टाळा

वक्तृत्व स्पर्धा असो, एनडीएच्या मुलाखतीची तयारी असो किंवा जेवणानंतरच्या घरच्या गप्पा, दोन देशांच्या सैन्याचा विषय निघाला की एक तक्ता हमखास पुढे येतो. डावीकडे भारत, उजवीकडे चीन किंवा पाकिस्तान, आणि खाली ओळीने सैनिक, रणगाडे, विमानं, युद्धनौका. आकडा ज्याचा मोठा, तो जिंकला. मी संरक्षण हा विषय शिकवतो आणि दरवर्षी विद्यार्थ्यांच्या वह्यांत हा तक्ता बघतो. त्यातले आकडे बहुतेक वेळा बरोबर असतात. पण यातलं किती, कुठे, किती दिवसांत पोहोचेल आणि पोहोचल्यावर किती दिवस लढेल, हे कुणी विचारलेलंच नसतं. अण्वस्त्रांचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. इथे फक्त पारंपरिक सैन्याबद्दल बोलतो.

डोकी मोजताना

एकाच वर्गात दोन मुलं भारतीय सैन्याचे दोन आकडे आणतात. एकाचा साडेचौदा लाखांच्या आसपास, दुसऱ्याचा पन्नास लाखांच्या वर. दोघांची भांडणं लागतात, पण दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. पहिल्याने तिन्ही दलांची खडी फौज मोजलेली असते, दुसऱ्याने तिच्यात राखीव आणि निमलष्करी दलं मिळवलेली असतात. दोन ठिकाणचे आकडे जुळत नसतील तर सगळ्यात आधी हे तपासा. निमलष्करी दलातला जवान देशासाठी जीव धोक्यात घालतो, त्याचं मोल कमी नाही. पण शत्रूच्या चिलखती ब्रिगेडला अडवण्याची साधनं त्याच्याकडे नसतात, म्हणून तो वेगळ्या रकान्यात लिहावा. उलट इस्रायलबाबत राखीव सैनिक वगळलेत तर चित्रच चुकेल. ऑक्टोबर 2023 मध्ये त्यांनी काही दिवसांत तीन लाखांहून अधिक राखीव सैनिक बोलावले. त्यांची खडी फौज यापेक्षा बरीच लहान आहे.

मराठीत तर या फरकासाठी अस्सल शब्दच आहे : बाजारबुणगे, म्हणजे फौजेबरोबर चालणारी पण न लढणारी माणसं. पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या छावणीत किती माणसं होती यावर आजही वाद होतात, कारण लढवय्यांबरोबर यात्रेकरू, बायकामुलं, व्यापारी आणि नोकरचाकरही होते. ही सगळी तोंडं रोज खाणारी. डिसेंबर 1760 मध्ये रसदीची मदार असलेले गोविंदपंत बुंदेले मारले गेले, दाणागोटा तुटला आणि 14 जानेवारी 1761 ला उपाशी फौज मैदानात उतरली. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा चांगल्याच होत्या. नुसत्या तोफा मोजणाऱ्या माणसाला त्या दिवसाचा अंदाज आला नसता.

काही फौजा तर कागदावरच असतात. 2014 मध्ये मोसुलमध्ये इराकी सैन्य कोसळलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत सांगितलं की 50,000 सैनिक फक्त पगारपत्रकावर आहेत.

रणगाडा म्हणजे नेमका कुठला रणगाडा?

नगरच्या रणगाडा संग्रहालयात मी मुलांना घेऊन जातो आणि पॅटनपाशी थांबवतो. त्याच्या शेजारी उभं राहून वर बघायला सांगतो. आपल्या विजयंतापेक्षा तो चांगलाच उंच आहे. 1965 मध्ये पाकिस्तानकडे हे अमेरिकी पॅटन होते आणि कागदावर त्यांना तोड नव्हती. त्या सप्टेंबरात खेमकरणजवळच्या असल उत्तरला आपल्या सैन्याने शेतात पाणी सोडलं आणि उभ्या उसात सेंच्युरियन रणगाडे आणि जीपवरच्या रिकॉइललेस तोफा दडवून ठेवल्या. पॅटन चिखलात रुतले, दिशा चुकले, बाजू उघडी करून बसले. अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने त्यातले काही टिपले. पाकिस्तानने तिथे शंभराच्या आसपास रणगाडे गमावले. मुलं तो पोलादी सांगाडा हाताने चाचपतात आणि मग विचारतात, "सर, उसात?" तेव्हा मला त्या फेरीचं सार्थक वाटतं.

रणगाड्यांच्या आकड्यात आणखी एक फसगत होते. रशियाकडे 2022 च्या सुरुवातीला दहा हजारांहून अधिक रणगाडे साठ्यात असल्याची नोंद होती. साठ्यातला रणगाडा म्हणजे बहुधा उघड्यावर वर्षानुवर्षं ऊनपाऊस खाल्लेला. गंजलेली तार, फुटलेली दुर्बीण, काढून नेलेले सुटे भाग. त्याच वर्षी टी-62 सारखे साठच्या दशकातले रणगाडे बाहेर काढून युक्रेनला धाडावे लागले. म्हणून सेवेतले आणि साठ्यातले हे दोन आकडे कधीही एकत्र करू नका.

विमानांचंही तसंच. नाशिकजवळ ओझरला ओव्हरहॉलला आलेलं सुखोई महिनोन्महिने खोलून ठेवलेलं असतं. ते यादीत असतं, पण उद्या सकाळी उडणार नसतं. फ्रान्सकडे विमानवाहू नौका एकच. 2017-18 मध्ये ती सुमारे दीड वर्ष दुरुस्तीला गेली, तेवढा काळ फ्रान्सची संख्या शून्य धरायला हवी होती. कुठलाही तक्ता असं धरत नाही.

नकाशा न उघडता केलेली तुलना

भारत-चीन तक्त्यात सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट हीच. चीनची सगळी विमानं एका बाजूला, भारताची सगळी दुसऱ्या बाजूला. चीनला तैवान, जपान आणि दक्षिण चीन समुद्रही सांभाळायचा आहे, आपल्याला पश्चिम सीमाही. शिवाय तिबेटमधले बरेच तळ फार उंचावर आहेत. न्गारीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून 4,200 मीटरहून उंच आहे. विरळ हवेत इंजिनाचा जोर घटतो, म्हणून विमानाला एकतर इंधन कमी भरावं लागतं किंवा बॉम्ब कमी न्यावे लागतात. आपली अंबाला, हाशिमारा, तेजपूर ही ठाणी मैदानात आहेत, तिथून विमान पूर्ण भाराने उठतं. हा आपला खरा फायदा आहे. पण लेहच्या धावपट्टीलाही तोच उंचीचा नियम लागू आहे आणि चीनने गेल्या काही वर्षांत तिबेटमधल्या धावपट्ट्या आणि विमानांचे पक्के निवारे झपाट्याने वाढवले आहेत. दोन्ही गोष्टी लिहा. फक्त सोयीची लिहिलीत तर तो अभ्यास राहत नाही.

जमिनीवर तर रस्ताच बोलतो. लडाखमध्ये हिवाळ्याचा शिधा, रॉकेल, गोळ्या बर्फ पडण्याआधीच वर चढवून ठेवाव्या लागतात. अटल बोगदा (2020) आणि अरुणाचलातला सेला बोगदा (2024) कुठल्याही तक्त्यात दिसत नाहीत, पण मला विचाराल तर सीमेवरच्या ताकदीत त्यांचा वाटा काही तोफांपेक्षा मोठा आहे.

समुद्रापारच्या लढाईतही वाहतूकच बोलते. 1982 च्या अर्जेंटिनाविरुद्धच्या फॉकलंड युद्धात ब्रिटिशांचं ‘अटलांटिक कन्व्हेयर’ हे एक मालवाहू जहाज क्षेपणास्त्राने जळालं आणि त्यावरची सैनिक वाहून नेणारी चिनूक हेलिकॉप्टरं गेली. सैनिकांना पाठीवर ओझं घेऊन चिखलातून बेटभर चालावं लागलं.

पैशाचा रकाना

सिप्री या स्टॉकहोममधल्या संशोधन संस्थेच्या 2024 च्या आकड्यांनुसार अमेरिकेचा खर्च 997 अब्ज डॉलर, चीनचा अंदाजे 314 आणि भारताचा सुमारे 86. हे डॉलर जसेच्या तसे तोलू नका. आपला जवान पगार रुपयांत घेतो, इथलंच अन्न खातो, म्हणून तेवढ्याच डॉलरमध्ये आपल्याकडे जास्त माणसं उभी राहतात. मात्र 36 राफेल घेताना पैसे युरोतच मोजावे लागले, तिथे स्वस्ताईचा काही उपयोग नाही. शिवाय 2025-26 च्या आपल्या 6.81 लाख कोटींच्या संरक्षण अंदाजपत्रकात सुमारे 1.61 लाख कोटी निवृत्तिवेतनाचे आहेत. ते देणं आपलं कर्तव्यच आहे. पण नवीन शस्त्रं येतात ती 1.80 लाख कोटींच्या भांडवली तरतुदीतून. तुलना करायची तर ती तरतूद शोधा.

दारूगोळ्याचा रकाना तर बहुतेक तक्त्यांत नसतोच. युक्रेन युद्ध सुरू झालं तेव्हा अमेरिका महिन्याला 155 मिमीचे सुमारे 14,000 तोफगोळे बनवत होती. युक्रेनच्या तोफा काही काळ तेवढे गोळे तीन-चार दिवसांत संपवत होत्या. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

जहाजांची संख्या आणि वजन

संख्येने चीनचं नौदल आज जगात सर्वांत मोठं आहे, एकूण वजनात अमेरिकेचं. तिच्या 11 विमानवाहू नौकांपैकी एकेक सुमारे एक लाख टनांची आहे. त्यामुळे जहाजं मोजताना टन बघा, असं मी सांगतो आणि लगेच 4 डिसेंबर 1971 ची रात्रही सांगतो. निर्घात, निपात आणि वीर या छोट्या क्षेपणास्त्र नौका, एकेक जेमतेम दोन-अडीचशे टनांची. त्यांचा पल्ला तोकडा, म्हणून वाटेत त्यांना ओढून नेलं. त्यांनी कराचीबाहेर ‘खैबर’ ही पाकिस्तानी विनाशिका बुडवली. मुंबईत नौदल दिन बघायला जाल तेव्हा ही तारीख लक्षात असू द्या.

शेवटी, तक्त्याखाली तारीख लिहायला विसरू नका. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडमध्ये मिग-21 निवृत्त झालं आणि लढाऊ विमानांच्या मंजूर 42 स्क्वाड्रनपैकी (तुकड्यांपैकी) हवाई दलाकडे 29 उरल्या. त्याआधीची यादी हाती असेल तर ती विमानं त्यात अजून असतील. ती ओळ खोडा आणि बेरीज पुन्हा करा.