खरड छाटणीआधी मोटारीच्या केबलचे जोड तपासा

द्राक्षाची खरड छाटणी, म्हणजे उन्हाळ्यातली छाटणी, झाली की बागेचं पाणी चुकवून चालत नाही, आणि निफाड-दिंडोरीकडे मोटारी जळतात त्याही नेमक्या त्याच दिवसांत. बोल लागतो व्होल्टेजला. त्याचा वाटा आहेच. पण केबल वर ओढून बघा, एखादा जोड काळा पडलेला सापडतोच. मोटार भरायला (नवं वाइंडिंग करायला) जाते, जोड मात्र तसाच परत विहिरीत उतरतो.

नुसता पिळा मारून टेप गुंडाळली की तारा मोजक्याच जागी टेकतात. तिथं तांबं तापतं, फुगतं, थंड होऊन आकसतं. पिळा सैल पडतो, काळा थर चढतो आणि जोड आणखी तापतो. साध्या पीव्हीसी केबलमधल्या तारेची मर्यादा ७० अंश. बांधावर उन्हात पडलेली केबल मोटार सुरू करण्याआधीच चटका देते, मग जोडाला सोसायला उरतं काय? शेवटी तीनपैकी एक फेज जाते, मोटार दोन फेजवर गुरगुरते आणि स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले, म्हणजे जादा करंटला मोटार बंद करणारा भाग, वाढवून ठेवलेला असेल तर जळते.

मेन बंद करून तिन्ही तारांचे जोड पुढे-मागे घ्या, म्हणजे ते एकमेकांना भिडणार नाहीत. तांब्याची स्लीव्ह (छोटी नळी) घालून क्रिंपिंग पकडीनं दाबा. साध्या पकडीनं चेपू नका. वर रबर टेप ताणून, मग पीव्हीसी टेप. पाण्यातल्या जोडाला वॉटरप्रूफ किटच हवं. तांबं-ॲल्युमिनियमचा पिळा कधीच नको: दोन्ही सारखे फुगत नाहीत, ओलीत ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

पुस्तकात नसलेला माझा आडाखा: अर्धा तास चालवून मेन पाडा, टेस्टर लावा, मग बांधावरच्या जोडाला हात लावा. शेजारच्या केबलपेक्षा तो गरम असेल तर पंधरवडा काढणार नाही.

५ एचपी मोटार, १० अँपिअर, ३०० मीटर केबल धरली तर २.५ चौरस मिमी तांब्यात सुमारे ४० व्होल्ट वाटेतच जातात. ४ मध्ये २५, ६ मध्ये १७. तार तापली की घट वाढते. दुकानदार इथं स्टॅबिलायझर गळ्यात मारतो. ते पैसे जाड केबलला घाला. घेताना आयएस ६९४ चा, म्हणजे पीव्हीसी केबलच्या भारतीय मानकाचा, छाप बघा आणि तार चाकूनं खरवडा. आत पांढरी निघाली तर ते ॲल्युमिनियम, वर नुसता तांब्याचा मुलामा आहे.

काळ्या रानात उथळ पुरलेली केबल भेगा पडल्या की ताणते आणि जोडातूनच सुटते. खोल पुरा, नागमोडी टाका.

बाकीची कामं:
- डीओएल (मोटार थेट लाइनवर सुरू करणाऱ्या) स्टार्टरचा रिले मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरवर
- स्टार्टरचे कॉन्टॅक्ट साफ
- अर्थिंगला पाणी
- केबल पाइपला पट्ट्यांनी बांधणे
- मोटार दोरावर सोडणे, केबलवर नाही

छाटणीची तारीख धरली असेल तर मोटार त्याच्या आठ दिवस आधी वर काढा. नंतर वायरमन फोन उचलत नाहीत.