पावसाच्या पाण्याचा परवाना: अमेरिकेतल्या छोट्या नगरपालिकांनी खर्च कसा आवरावा

गावातलं पावसाचं पाणी पाइपांतून नदी-नाल्यांत सोडायला नगरपालिकेला परवाना लागतो. अमेरिकी केंद्र सरकारच्या ‘स्वच्छ पाणी कायद्या’खालचा हा परवाना सहा प्रकारची कामं मागतो. त्यातली जनजागृती शेजारच्या गावांबरोबर वाटून घ्या. नियमाला ते चालतं. करार लेखीच हवा, कारण जोडीदाराने काम टाळलं तर जाब तुम्हालाच विचारला जातो.

खरी बचत हे पाणी नदी-नाल्यांत सोडणाऱ्या पाइपांच्या तोंडाशी आहे. सलग ७२ तास पाऊस नसताना तोंडं बघा. तरीही पाणी वाहत असेल तर जागेवरच अमोनिया आणि डिटर्जंट तपासा. दोन्ही सापडले तर बहुधा सांडपाण्याची चुकीची जोडणी असते; मग एकेक मॅनहोल उघडत वर सरका. सरसकट सगळे नमुने प्रयोगशाळेत पाठवणं म्हणजे पैसे पाण्यात.

या खर्चासाठी मालमत्ताधारकांकडून घ्यायचं शुल्क मालमत्तेच्या किमतीवर नको, छप्पर-फरसबंदीसारख्या पाणी न मुरणाऱ्या जागेवर लावा. दर घराला अशा ३,००० चौरस फुटांचं एक एकक धरलं, तर ३०,००० चौरस फुटांच्या पार्किंगला १० एककं. सवलतीचे नियम पहिल्या बिलाआधीच ठरवा.