रेट्रोव्हायरस आणि माणूस यांच्या सहउत्क्रांतीचा अभ्यास : खानदेशातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान शिकत असलेल्या आणि पुढे विषाणूंच्या उत्क्रांतीवर काम करण्याची इच्छा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी मी हे लिहीत आहे. मी स्वतः याच भागात बी.एस्सी. केले, जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात एम.एस्सी. पूर्ण केले आणि त्यानंतर रेट्रोव्हायरस (आपल्या आरएनएची डीएनए प्रत करून ती पेशीच्या गुणसूत्रात घालणारे विषाणू) व त्यांचे यजमान (ज्यांना ते बाधतात ते जीव) यांच्यातील दीर्घ झुंज हाच माझ्या कामाचा विषय झाला. या विषयात सर्वांत आधी काय पक्के करावे, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा माझे उत्तर एकच असते : कोणताही बदल पाहिला की तो किती काळात घडला, हे आधी विचारावे. विषाणूच्या पिढ्या दिवसांत मोजल्या जातात आणि माणसाच्या दशकांत. हा फरक सुटला की पुढचे सारे अनुमान चुकते.

अभ्यासक्रमात रेट्रोव्हायरसची ओळख आरएनएवरून डीएनए बनवणाऱ्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या विकरापासून (एन्झाइमपासून) होते. हॉवर्ड टेमिन आणि सातोशी मिझुतानी यांनी, तसेच स्वतंत्रपणे डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० साली ते शोधले आणि १९७५ साली टेमिन व बाल्टिमोर यांना नोबेल पारितोषिक मिळाले, एवढे बहुतेकांना पाठ असते. आपल्या विषयाची सुरुवात मात्र त्याच्या पुढच्या पायरीवर होते. आरएनएपासून तयार झालेला डीएनए यजमानाच्या गुणसूत्रात कायमचा जोडला जातो, आणि ही घटना शुक्रपेशीत किंवा अंडपेशीत घडली व त्यातून जीव जन्माला आला, तर तो विषाणू वारसा म्हणून पुढच्या पिढीत उतरतो. मानवी जीनोमचा सुमारे ८ टक्के भाग अशा जुन्या रेट्रोव्हायरसांच्या अवशेषांचा आहे.

खानदेशातील विद्यार्थ्याला हे समजावून घेण्यासाठी केळीच्या शेतापासून सुरुवात करता येते. रावेर-यावल पट्ट्यात ज्याला हरण्या म्हणतात तो रोग कुकुंबर मोझॅक व्हायरसमुळे होतो. मावा त्याचा प्रसार करतो, आणि या आरएनए विषाणूच्या जीवनचक्रात झाडाच्या डीएनएमध्ये शिरण्याची पायरी नाही. याउलट बनाना स्ट्रीक व्हायरस हा रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन करणाऱ्या विषाणूंपैकी आहे. केळीच्या मुसा बाल्बिसियाना या रानटी पूर्वजाच्या जीनोममध्ये त्याचे तुकडे मुरलेले आहेत, आणि संकर किंवा ऊतिसंवर्धन यांचा ताण पडल्यावर त्यांतून पुन्हा जिवंत विषाणू निर्माण होऊ शकतो. अर्थात हा खरा रेट्रोव्हायरस नाही, कारण गुणसूत्रात शिरणे ही त्याची आवश्यक पायरी नसून अपघात असतो. ज्या विद्यार्थ्याला हा भेद स्वतःच्या शब्दांत सांगता येतो, त्याचा पाया तयार झाला असे मी समजते.

आता काळाच्या मुद्द्याकडे वळू. जगभर पसरलेला एचआयव्ही-१ चा एम गट चिंपांझीतील विषाणूपासून आला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत मध्य आफ्रिकेत माणसांमध्ये पसरू लागला, असे त्याच्या वंशवृक्षावरून दिसते. म्हणजे माणसाच्या जेमतेम चार-पाच पिढ्या झाल्या. एवढ्या अवधीत मानवी जातीने या विषाणूविरुद्ध नवी जनुके घडवली, असे समजण्यास जागा नाही. आपल्या पेशींतील बचावाची प्रथिने त्याच्याही फार आधीच्या, आता बहुतांशी नामशेष झालेल्या विषाणूंशी झुंजताना घडलेली आहेत. एचआयव्हीला पेशीत शिरण्यासाठी लागणारे एक प्रथिन बनवणाऱ्या सीसीआर-५ जनुकातील ३२ बेसजोड्यांच्या लोपामुळे काही लोकांना एचआयव्ही-१ पासून संरक्षण मिळते. हा लोप मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो, भारतात अगदी विरळ आहे, आणि तो एचआयव्हीच्या किती तरी आधीपासून अस्तित्वात आहे. त्याला एचआयव्हीमुळे झालेली उत्क्रांती म्हणणारी उत्तरे मी परीक्षांत आणि मुलाखतींत वारंवार वाचली व ऐकली आहेत.

एकाच जनुकापासून सुरुवात करायची असेल तर ट्रिम-५ निवडावे. रीसस माकडाच्या पेशी एचआयव्ही-१ ला दाद का देत नाहीत, याचा शोध घेताना २००४ साली ट्रिम-५ अल्फा हे प्रथिन हाती लागले. ते पेशीत शिरलेल्या विषाणूच्या कवचाला पकडते. माणसाकडेही हे प्रथिन आहे, पण एचआयव्ही-१ विरुद्ध ते दुबळे आहे. त्यातील ३३२ व्या स्थानावरचे एक अमिनो आम्ल रीसस माकडाप्रमाणे बदलले तर तेच प्रथिन या विषाणूला बऱ्याच अंशी अडवू लागते. निरनिराळ्या वानर आणि माकड जातींमधील या जनुकाचे क्रम एनसीबीआय या अमेरिकी जनुकमाहिती केंद्राच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ते उतरवून घ्यावेत, कोडॉननुसार (एक अमिनो आम्ल ठरवणाऱ्या तीन अक्षरांच्या गटानुसार) जुळवावेत, वंशवृक्ष काढावा आणि अमिनो आम्ल बदलणारे फरक व न बदलणारे फरक यांच्या दरांचे गुणोत्तर पॅमलसारख्या संगणक प्रणालीने काढावे. बहुतेक जनुकांत हे गुणोत्तर १ पेक्षा खूप कमी असते. ट्रिम-५ मध्ये मात्र विषाणूला भिडणाऱ्या भागातील काही स्थानांवर ते १ च्या वर जाते. नैसर्गिक निवडीने तिथे पुन्हा पुन्हा बदलाला उचलून धरले, याचा तो पुरावा आहे. या सरावाला प्रयोगशाळा लागत नाही. साधा संगणक, बरे इंटरनेट आणि चिकाटी पुरते. संख्याशास्त्राची भीती मात्र आधी घालवावी लागते, आणि माझ्या मते आपल्या भागातील जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांची खरी अडचण इंग्रजीपेक्षा तीच आहे.

याच जनुकावरचे दोन शोधनिबंध शेजारी ठेवून वाचावेत. चिंपांझी आणि गोरिला यांच्या जीनोममध्ये पीटीईआरव्ही-१ नावाच्या जुन्या रेट्रोव्हायरसच्या प्रती आहेत, माणसात नाहीत. माणसाचे ट्रिम-५ अल्फा या विषाणूला रोखते, असा निष्कर्ष २००७ साली एका गटाने मांडला. २००८ साली दुसऱ्या गटाने तो आपल्या प्रयोगांत दिसत नसल्याचे सांगून अपोबेक-३ या दुसऱ्या प्रथिनकुलाकडे बोट दाखवले. ही प्रथिने विषाणूच्या डीएनएमध्ये इतके बदल घडवतात की तो निकामी होतो, आणि एचआयव्हीचे व्हिफ हे प्रथिन त्यांना नष्ट करवून घेते. लाखो वर्षांपूर्वीच्या घटनेबद्दल प्रयोगातून किती बोलता येते, हे या दोन निबंधांइतके स्पष्टपणे मला कोणत्याही व्याख्यानातून कळले नाही.

विषाणूच्या बाजूची उत्क्रांती पाहायची तर एका रुग्णाच्या शरीराचा काळही पुरतो. एचएलए-बी ५७ हा प्रतिकारशक्तीच्या जनुकाचा प्रकार असलेल्या व्यक्तीत विषाणूच्या कवच बनवणाऱ्या गॅग प्रथिनातील २४२ व्या स्थानावर बदल होऊन विषाणू बाधित पेशी ओळखून मारणाऱ्या टी-पेशींच्या नजरेतून निसटतो, पण त्यासाठी त्याला आपल्या वाढीच्या क्षमतेची किंमत मोजावी लागते. हा प्रकार नसलेल्या व्यक्तीत संसर्ग गेला की तो बदल बहुधा मागे फिरतो. भारतात मुख्यतः एचआयव्ही-१ चा सी उपप्रकार आढळतो आणि त्याचे क्रम लॉस अलामोस येथील माहितीसंग्रहात सर्वांना खुले आहेत.

सगळा संबंध वैराचाच असतो असेही नाही. वार (प्लॅसेंटा) तयार होताना पेशींना एकमेकींत मिसळवणारे सिन्सिटिन-१ हे प्रथिन मूळचे एका रेट्रोव्हायरसच्या आवरणाचे आहे. ही गोष्ट २००० साली प्रसिद्ध झाली. उंदरांमध्ये हेच काम करणारी प्रथिने वेगळ्याच विषाणूंपासून आलेली आहेत, म्हणजे सस्तन प्राण्यांनी ही उचल एकापेक्षा अधिक वेळा केली.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी जुन्या विषाणूंचे वय काढण्याचे काम सुचवते. विषाणू गुणसूत्रात शिरतो तेव्हा त्याच्या दोन्ही टोकांचे एलटीआर (टोकांवर पुनरावृत्त होणारे डीएनए-क्रम) एकसारखे असतात आणि पुढे दोन्ही स्वतंत्रपणे बदलत जातात. त्यांच्यात ४ टक्के फरक असेल आणि दहा लाख वर्षांत ०.२ टक्के बदल असा दर धरला, तर प्रत्येकाच्या वाट्याला २ टक्के येतात आणि वय सुमारे १ कोटी वर्षे निघते. जनुकीय रूपांतरणामुळे (एका क्रमाची दुसऱ्यावर नक्कल झाल्यामुळे) दोन एलटीआर पुन्हा सारखे झाले असतील, तर हे वय खोटेपणाने कमी दिसते. म्हणून तीच प्रत चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यात त्याच जागी आहे का, हे यूसीएससी जीनोम ब्राउझर या जीनोम पाहण्याच्या संकेतस्थळावर तपासून दोन्ही उत्तरे ताडून पाहावीत. असा प्रकल्प सीएसआयआर-नेट किंवा गेट उत्तीर्ण झाल्यानंतर पुण्यातील राष्ट्रीय विषाणू संस्था, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र किंवा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पीएच.डी.च्या मुलाखतीत उपयोगी पडतो, कारण तिथे तुमच्या आकड्यापेक्षा तो आकडा कोणत्या गृहीतकांवर उभा आहे, याचीच अधिक चौकशी होते.